आजच्यापुरता विश्वास

प्रस्तावना

ख्रिस्ती श्रद्धेविषयी मराठीत जे आत्मपर लेखन झाले, त्यातले बरेचसे बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी येऊन थांबते. तरुण माणूस अस्वस्थ असतो, ग्रंथ धुंडाळतो, पाद्र्यांशी वाद घालतो. घरात रडारड होते, भाऊबंद पाठ फिरवतात आणि एके दिवशी त्याचा निश्चय होतो. इथवर वाचक पुस्तक खाली ठेवत नाही. बाबा पदमनजी १८५४मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९०६पर्यंत जगले. म्हणजे निश्चयानंतर त्यांच्या वाट्याला ५२ वर्षे आली. १८८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राचा भर मात्र त्या निश्चयापर्यंतच्या वाटचालीवर आहे. हा काही पदमनजींचा दोष नव्हे. धर्मांतर ही त्या काळी घराघरांत खळबळ माजवणारी घटना होती आणि लोकांना तेच ऐकायचे होते. रविवारच्या उपासनेला जाणे, मुलांची फी भरणे, मंडळीतले रुसवेफुगवे काढणे, गुडघे दुखू लागले तरी गुडघे टेकणे यात सांगण्यासारखे काय आहे, असे लेखकांना वाटले असावे.

या संग्रहातले लेख त्या उरलेल्या वर्षांविषयी आहेत. ज्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी निर्णय घेतला आणि ज्यांना तो फक्त निभवायचा आहे, अशा माणसांसाठी ते लिहिले आहेत. पेरणी झाली आहे आणि पाऊस नाही. मुलाचे कंत्राट मार्चमध्ये संपते आहे. सोनोग्राफीचा रिपोर्ट उद्या मिळणार आहे. मुलीचे स्थळ होकार-नकाराच्या मध्येच अडकून पडले आहे. यातल्या कशालाही संकट म्हणून बातमीत जागा मिळत नाही, पण आयुष्याचा मोठा भाग अशाच टांगत्या दिवसांत जातो. अशा दिवसांत श्रद्धा नेमके काय करते, हा माझा प्रश्न आहे. मला पटलेले उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. श्रद्धा उद्याची खात्री देत नाही. ती आजच्यापुरती मिळते, आजच खर्ची पडते आणि उद्या पुन्हा मागावी लागते. ज्याला वर्षाची बेगमी एकदम हवी आहे, त्याची निराशा होते.

हे उत्तर माझ्या पदरचे नाही. निर्गमाच्या पुस्तकात अरण्यातल्या मान्न्याची कथा आहे. मिसरातून निघालेले लोक भुकेने कुरकुरू लागले, तेव्हा रोज पहाटे जमिनीवर अन्न पडू लागले. ज्याने त्याने दिवसाच्या गरजेपुरते गोळा करायचे. काहींनी शहाणपणा करून दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवले, तर त्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. हा क्रम ४० वर्षे चालला. समुद्र दुभंगल्याची घटना एका रात्रीत उरकली. अन्न वेचणे मात्र ४० वर्षे रोज करावे लागले. आपण मुलांना शब्बाथशाळेत समुद्राचे चित्र रंगवायला देतो. अन्न वेचणाऱ्या बाईचे चित्र रंगवायला दिल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

मराठीत ही वेचणारी बाई कुणी लिहून ठेवली असेल तर ती लक्ष्मीबाई टिळकांनी. नारायण वामन टिळकांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. १८९३मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या चरित्रातला हा कळस. लक्ष्मीबाईंच्या चरित्रात त्याच दिवशी घर कोसळते. त्या १८६८च्या, जलालपूरच्या गोखल्यांच्या लेक. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. असल्या घरात वाढलेल्या बाईचा नवरा न सांगता ख्रिस्ती होतो. पुढे काही वर्षे नवरा एकीकडे, बायको एकीकडे. मग त्या मुलाला घेऊन अहमदनगरला आल्या खऱ्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे. ख्रिस्ती नवऱ्याच्या सावलीत राहून आपले सोवळे सांभाळण्याचा तो खटाटोप त्यांनी स्वतःच इतक्या मिस्किलपणे सांगितला आहे की वाचताना हसू येते, आणि हसता हसता लक्षात येते की ही बाई आतून पोळून निघाली आहे.

लक्ष्मीबाईंचा विश्वास वादविवादातून आलेला नाही. तो घर चालवताना हळूहळू आला. आधी जातीचा विटाळ मनातून गेला, मग पंक्तीतला भेद गेला, आणि बाप्तिस्मा त्यानंतर आला. ख्रिस्ती झाल्यावर सुख लागले म्हणावे, तर तसेही नाही. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दुष्काळातल्या पोरक्या मुलांना घरी आणायचे, दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही. डब्यात काय शिल्लक आहे ही विवंचना बायकोची. टिळकांसाठी श्रद्धा हे काव्य होते. लक्ष्मीबाईंसाठी ती संध्याकाळच्या पिठाच्या हिशेबात होती. दोघांची श्रद्धा खरी होती, पण आपल्यापैकी बहुतेकांचे जगणे लक्ष्मीबाईंच्या बाजूचे आहे.

१९१७मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, टिळकांनी मिशनची बांधलेली नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. परदेशी पगाराच्या आधाराशिवाय, मराठी भजन-कीर्तनाच्या वळणाने चालणारा भक्तांचा मेळा त्यांना उभा करायचा होता. ९ मे १९१९ रोजी ते गेले. लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी केली, पुढे मुलाच्या संसाराबरोबर कराचीला गेल्या. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट राहिले होते. ज्या बाईचे शाळेचे शिक्षण झालेले नव्हते, तिने त्याचा उरलेला मोठा भाग पूर्ण केला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४मध्ये आला, तेव्हा त्यांचे वय होते ६६. १९३६मध्ये त्या वारल्या. आपण त्यांना विनोदी लेखिका म्हणून शाळेत वाचतो आणि ते योग्यच आहे. पण विश्वास म्हातारपणापर्यंत टिकवायचा तर मोठ्या भाषणांपेक्षा थोडा विनोद अधिक उपयोगी पडतो, एवढी धर्मशिकवण तरी त्यांच्या पुस्तकातून मी घेतली आहे.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांच्या आयुष्यात मृत्यू किती वेळा आला पाहा. आई, वडील आणि मोठी बहीण दुष्काळातल्या भटकंतीत गेली. भाऊ श्रीनिवास १८८०मध्ये गेला. बंगालमध्ये लग्न झाले आणि दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १८८२मध्ये, पटकीने नवरा गेला. पदरी मनोरमा, जेमतेम वर्षाची. पुढच्या वर्षी २९ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे कुणी म्हणेल, दुःखाने होरपळलेल्या बाईला आसरा मिळाला, गोष्ट संपली. रमाबाई तसे म्हणत नाहीत. पुढे १९०७मध्ये सांगितलेल्या साक्षीत त्या कबूल करतात की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना धर्म मिळाला होता. ख्रिस्त मिळायला आणखी आठेक वर्षे जावी लागली. एवढा प्रांजळपणा आपल्या साक्षींमध्ये क्वचितच आढळतो. मंडळीत उभे राहून बोलणारा माणूस साधारणपणे तारीख सांगतो आणि त्या तारखेनंतर सगळे सुरळीत झाल्याचे सांगतो. रमाबाई सांगतात की तारखेनंतरही आपण चाचपडतच होतो.

त्या चाचपडण्यातच त्यांनी काम उभे केले. १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन, मग पुणे, मग धर्मांतराच्या आरोपावरून उठलेले वादळ, मग दुष्काळ. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००च्या सुमारास गुजरातेतून उपाशी मुली आणि विधवा त्यांनी केडगावला आणल्या. तिथल्या 'मुक्ती' आश्रमाच्या छापखान्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि दीड दशकाहून अधिक काळ त्या त्यात गढून गेल्या होत्या. खिळे जुळवायला होत्या त्याच आश्रमातल्या मुली. कधीकाळी दुष्काळाच्या रस्त्यावर सापडलेल्या बोटांनी त्या शिशाच्या खिळ्याला खिळा लावत होत्या. ओळ उलटी जुळवायची, मुद्रित उतरवायचे, चूक निघाली की चिमट्याने खिळा उपसायचा, पुन्हा लावायचा. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. जिच्यावर संस्थेचा सगळा भार सोपवायचा होता तीच आधी गेली. रमाबाई आणखी जेमतेम नऊ महिने जगल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. छापील ग्रंथ १९२४मध्ये लोकांच्या हाती आला. मुलीच्या मृत्यूनंतरच्या त्या नऊ महिन्यांत त्यांनी मुद्रिते तपासली. त्या काळात त्यांचा विश्वास पक्का होता की डळमळीत, हे मला कसे कळणार? पान तपासून पुढे जात होते, एवढे दिसते. अशा वेळी विश्वासाचा यापेक्षा वेगळा पुरावा मागू नये, असे मला वाटते.

टिळक आणि रमाबाई ही मोठी नावे. ज्यांच्या जोरावर महाराष्ट्रातली ख्रिस्ती मंडळी उभी राहिली, त्यांची नावे कुठल्याच कोशात नाहीत. अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर), जालन्याकडे, मराठवाड्यात गावोगावच्या मंडळ्या मुख्यत्वे महार-मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी ख्रिस्ती होणे म्हणजे पाणवठा, शाळा, दवाखाना आणि माणूस म्हणून मिळणारी हाक हे सगळे एकदम होते. किंमतही मोजावी लागली, आणि ती एकदाच मोजून भागले नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना त्यात जागा मिळाली. ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. गावाने जात विसरावी तर ती विसरली नाही, सरकारने ती मानावी तर ती मानली नाही. कॉलेजचा फॉर्म भरताना त्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न या घरांतल्या प्रत्येक पिढीतल्या मुलाला पडतो. श्रद्धा ही फावल्या वेळची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी या मुलाशेजारी बसून तो फॉर्म भरावा.

वसईची कथा निराळी. तिथल्या कॅथलिक गावांनी पोर्तुगीज पाहिले, १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला तेही पाहिले. राज्य गेले, संरक्षण गेले, धर्मगुरूंचा राबता कमी झाला. तरी घराघरांतल्या संध्याकाळच्या माळा थांबल्या नाहीत. पुढे तिथूनच 'सुवार्ता' मासिक निघाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. आज तिथली वाडी-शेती इमारतींखाली जाते आहे आणि देवळात शेजारच्या बाकावर कोण बसले आहे हे सांगता येईनासे झाले आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच विहिरीचे पाणी प्यायलेल्या माणसांना ही अनिश्चितता राज्य बदलण्यापेक्षा लहान वाटत नाही.

या सगळ्यांचा विश्वास टिकला कसा? पाळक चांगले होते म्हणून, मिशनचे पैसे होते म्हणून, अशी उत्तरे दिली जातात आणि त्यांत थोडे तथ्यही आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती घरात ठेवलेली एक वस्तू. माझ्या परिचयाच्या एका घरात तीन पिढ्यांनी वापरलेले पवित्र शास्त्र आहे. पुठ्ठा सुटलेला, कापडी पट्टीने चिकटवलेला. कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मे आणि लग्ने यांच्या नोंदी. मागच्या पानावर 'ख्रिस्तवासी' झालेल्यांची यादी. मध्येमध्ये झावळ्यांच्या रविवारची वाळकी पाती, वर्षाच्या वचनाचे जुने कार्ड, औषधाच्या दुकानाची फिकट पावती. स्तोत्रसंहितेतल्या १२१व्या स्तोत्राच्या समासात पेन्सिलने लिहिलेल्या तीन तारखा आहेत, तीन वेगवेगळ्या अक्षरांत. पहिलीपुढे '१९७२, पाणी'. दुसरी एका ऑपरेशनची. तिसरीपुढे '२०२१, ऑक्सिजन'. ज्याच्यासाठी ही तिसरी तारीख टाकली, त्याचे नाव आता मागच्या पानावरच्या यादीत आहे. म्हणजे जे मागितले ते मिळाले नाही. तरी स्तोत्राखालची रेघ कुणी खोडलेली नाही, आणि त्याच अक्षरात पुढच्या वर्षीच्या तारखा दुसऱ्या पानांवर सापडतात.

हे सांगायचे कारण असे की हल्ली काही सभांमधून नेमके उलटे शिकवले जाते. विश्वास पुरेसा असेल तर आजार जाईल, व्हिसा मिळेल, कर्ज फिटेल. मग आजार गेला नाही की प्रश्न विश्वासावर येतो. आधीच खाटेला खिळलेल्या माणसाला आपला विश्वास कमी पडल्याचा अपराधही पेलावा लागतो. यासारखी क्रूर शिकवण मला दुसरी माहीत नाही, आणि पवित्र शास्त्रात तिला आधार नाही. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले. तुझे काहीतरी चुकले असणार, असे त्यांनी पुन्हापुन्हा पटवायचा प्रयत्न केला. शेवटी देवाने ठपका ठेवला तो मित्रांवर. स्तोत्रांत स्तुती जितकी आहे तितक्याच जोराने तक्रार आहे. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी आशेची एक ओळ जोडून द्यावी असे संकलन करणाऱ्यांना वाटले नाही, याबद्दल त्यांचे उपकार मानावेत. विश्वासाचे औषधाशीही भांडण नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४मध्ये रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करायची आणि मग हात स्वच्छ धुऊन कामाला लागायचे, ही मिशन रुग्णालयांची जुनी रीत. प्रार्थना केली म्हणून भूल द्यायची नाही, असे तिथे कुणाच्या मनात आले नाही.

वयाविषयीही थोडे सांगायला हवे, कारण या संग्रहाचा तिसरा भाग त्यावर आहे. तरुणपणी प्रार्थनेत मागण्या फार असतात. म्हातारपणी मागण्या कमी होतात आणि नावे वाढतात. पुण्याला असलेली मुलगी, दुबईतला मुलगा, नातवंडे, वारलेला शेजारी, मंडळीतली आजारी माणसे, एकामागून एक नावे घेतली जातात, आणि वार्धक्याच्या प्रार्थनेत दुसरे काही राहत नाही. पाळक महिन्यातून एकदा घरी येऊन प्रभुभोजन देतात, तेव्हा अंथरुणावरून उठू न शकणारी आजी आधी विचारते ती अमक्याच्या मुलाला नोकरी लागली का हे. ७१वे स्तोत्र अशाच एका थकलेल्या माणसाचे आहे. बळ सरले तेव्हा मला टाकू नकोस, असा त्याचा आशय. पुढच्या पिढीला काही सांगायचे राहिले आहे म्हणून तो आणखी थोडा वेळ मागतो. वय वाढेल तसा विश्वास आपोआप घट्ट होतो, हा समज मात्र मला खोटा वाटतो. जोडीदार गेल्यावर, मित्र एकेक करून गेल्यावर, सत्तरीतही पहिल्यांदाच शंका येते. मंडळीत ती बोलून दाखवायची सोय असावी. आपल्याकडे ती फारशी नाही, आणि हे पुस्तक लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

संग्रहाचे तीन भाग आहेत: घर, मंडळी आणि वय. पहिल्या भागात पैसा, आजारपण, लग्ने, परीक्षा आणि पाऊस आहे. दुसऱ्यात मंडळीतले आधार आणि मंडळीतली भांडणे, दोन्ही आहेत. भांडणे गाळावीत असा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही. भाऊबंदकी, जमिनीचे खटले आणि निवडणुकीतले गट आपल्या संस्थांतही आहेत, आणि त्यांच्यामुळे विश्वास सोडून गेलेली माणसे बाहेरच्या छळाने गेलेल्यांपेक्षा मला अधिक भेटली आहेत. तिसऱ्या भागातले लेख आखूड ठेवले आहेत. ते मोठ्या अक्षरात छापावेत अशी विनंती मी प्रकाशकांना केली, ती त्यांनी मान्य केली.

या पुस्तकात बोध शोधू नका. प्रत्येक लेखाच्या शेवटी तात्पर्य दिलेले नाही. ज्यांच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना होते, त्यांना यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. ज्यांच्या घरी ती बंद पडली आहे, नाताळ आणि पुनरुत्थानाचा रविवार एवढीच ज्यांची हजेरी उरली आहे, त्यांच्यासाठी हे पुस्तक थोडे अधिक आहे. त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात करायलाच हवी असे नाही. ज्या काळजीने आज झोप उडवली आहे, तिच्यावरचा लेख अनुक्रमणिकेत शोधावा आणि तेवढाच वाचावा. दुसरा लेख उद्याही वाचता येईल.